मोरीवाचून

परदेशातून परत आलेल्या माणसाला पुण्यात चार प्रश्न ठरलेले असतात. थंडी सोसली का, जेवणाचे काय केलेत, भाषेची अडचण आली का, आणि चौथा, जरा आवाज उतरवून, शिल्लक किती पडली. या चारही प्रश्नांची उत्तरे मी विमानातच जुळवून ठेवली होती. पण हायडेलबर्गला दहा महिने काढून आल्यावर ज्या एका प्रश्नाची मी वाट पाहत होतो, तो कोणी विचारलाच नाही. "तिकडे मोरी असते का हो?" असे मला एकाही सज्जनाने विचारले नाही.

नसते. वाचकहो, तिकडे मोरी नसते.

मोरी या शब्दाची आपल्याला अलीकडे लाज वाटू लागली आहे. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून आपण बाथरूम म्हणतो. पण बाथरूम या शब्दात नुसती खोली आहे. मोरी म्हटले की पाणी वाहून जाण्याची वाट डोळ्यांपुढे येते. कोकणातली न्हाणी घ्या. त्या शब्दाने तर थेट इंग्रजीत जाऊन ठाण मांडले आहे. जमिनीतल्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारी जी वाटी असते, तिला आपल्याकडची इमारतशास्त्राची इंग्रजी पुस्तकेसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे प्लंबरमंडळींविषयी मला तेव्हापासून आदर आहे.

मोरीचे वैभव ते काय? एका कोपऱ्याकडे उतरती केलेली फरशी, तिथे जाळी, एक बादली, एक तांब्या, बसायला पाट नाहीतर स्टूल, आणि पायाच्या टाचा घासायला वजरी. एवढ्या सामग्रीत मनुष्य राजा होतो. घरात इतरत्र कुठेही पेलाभर पाणी सांडले तर बोलणी खावी लागतात. या एवढ्या चार हातांच्या जागेत मात्र बादलीच्या बादली उपडी केली तरी कोणी 'अरे' म्हणत नाही. पाणी सांडण्याची मोकळीक ही केवढी मोठी चैन आहे, हे ती मिळत असेपर्यंत कळत नाही.

मी २०१९ च्या एप्रिलात जुन्या मराठी पोथ्यांच्या एका कामासाठी हायडेलबर्गला गेलो. पोथ्या मराठी आणि गाव जर्मन, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. पण १९६२ साली तिथल्या विद्यापीठात दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था निघाली, आणि गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या माणसाने तिथे राहून आणि आपल्याकडचे माळ तुडवून धनगरांचा आणि खंडोबाचा अभ्यास केला. ते १९९२ साली वारले, तरी मल्हारीच्या नावाला तिथे ओळख आहे. विद्यापीठ १३८६ सालचे, म्हणजे जर्मनीतले सर्वांत जुने. नेकार नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल, टेकडीवर तांबड्या दगडाचा पडका किल्ला, आणि पलीकडच्या डोंगरउतारावर 'तत्त्वज्ञांची वाट' नावाचा रस्ता. किल्ल्याच्या तळघरात १७५१ साली बांधलेले दारूचे एक पिंप आहे. त्यात सुमारे दोन लाख वीस हजार लिटर द्राक्षासव मावते. ते पाहून लोक तोंडात बोटे घालतात. मीही घातली, पण माझ्या मनात आले की, दोन लाख लिटरांची सोय करणाऱ्या या गावाला एका बादलीची सोय का सुचू नये?

जागा मिळाली ती हांडशूसहाइम या भागात. 'हांडशू' म्हणजे हातमोजा. १९०३ पर्यंत हे वेगळे खेडे होते; अजूनही त्याच्या पाठीशी भाजीचे मळे पसरलेले आहेत. घर शंभर वर्षांचे, आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर खाली घरमालकीणबाई. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, केस कापसासारखे. आम्हाला घर दाखवताना त्यांनी स्वयंपाकघर दोन मिनिटांत उरकले आणि न्हाणीघरात दहा मिनिटे घेतली. पांढरे शुभ्र टब, त्याला नळीचा फवारा, भिंतीवर टॉवेल गरम करायच्या नळ्या, खाली मऊ पायपुसणे. सगळे कसे दिवाणखान्यासारखे कोरडे! शेवटी बाई म्हणाल्या, "माझी एकच विनंती आहे. जमीन ओली होऊ देऊ नका. खाली सगळे लाकूड आहे." पूर्वीच्या एका भाडेकरूचे कपडे धुण्याचे यंत्र फुटले होते, आणि त्या पाण्याने त्यांच्या छतावर काढलेला नकाशा त्यांनी आम्हाला खाली नेऊन दाखवला. तो थोडा आफ्रिकेसारखा दिसत होता.

त्यांचे म्हणणे रास्त होते. या जुन्या घरांचे मजले लाकडी तुळयांवर उभे असतात. वर पाणी मुरले की तुळई कुजायला लागते. शिवाय थंड हवेत ओली फरशी लवकर वाळत नाही, आणि जमिनीतल्या जाळीवर रोज पाणी पडले नाही तर खालच्या वाटीतले पाणी आटून गटाराचा वास घरात येतो. आपल्याकडे ती वाटी रोज दहा वेळा भरते, म्हणून आपल्याला तिची आठवणही होत नाही. अलीकडच्या नव्या इमारतींत फवाऱ्याखालची फरशी जमिनीशी सपाट करून तिला जाळी बसवू लागले आहेत. जुन्या घरात मात्र पाण्याने टबाच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही. फवारा असला म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. फवाऱ्याने अंग भिजते, अंघोळ होत नाही, असे माझे मत आहे. आणि ते मी कोणावर लादत नाही.

गंमत अशी की, हा सगळा प्रांतच न्हाण्याच्या नावाने ओळखला जातो. जर्मनमध्ये 'बाड' म्हणजे स्नान. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्याच्या नावातले 'बाडन' हे बाडन-बाडन या गावावरून आले, आणि ते गाव उन्हाळ्यांच्या म्हणजे गरम झऱ्यांच्या पाण्यावर रोमन लोकांनी वसवले. तिथले १८७७ सालचे फ्रीडरिश्सबाड एखाद्या राजवाड्यासारखे आहे. आपण जसे गावाच्या नावाआधी 'श्रीक्षेत्र' लावतो तसे हे लोक 'बाड' लावतात: बाड रापनाउ, बाड विंपफेन, बाड शोनबोर्न. म्हणजे या लोकांना पाण्याचे वावडे नाही. फरक आहे तो पद्धतीत. रोमनांपासून इकडचा माणूस पाण्यात उतरतो. आपल्याकडचा माणूस पाणी अंगावर ओतून घेतो. मोहेंजोदडोच्या घराघरांतून विटांच्या उतरत्या न्हाण्या सापडल्या आहेत, आणि त्यांचे पाणी रस्त्यावरच्या गटारात नेऊन सोडलेले आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे कोणी घटाने अंगावर पाणी घेत होते. एवढी जुनी सवय काय दहा महिन्यांत सुटणार?

आम्हा तिघांचे तसे भागून गेले. आमच्या दहा वर्षांच्या कन्येला तर टब म्हणजे घरातला तलावच वाटला. सौभाग्यवतींनी पहिल्या आठवड्यात टबातच बादली ठेवून पाहिली. पण टबात उभे राहून वाकावे तर पाय घसरतो, आणि उकिडवे बसावे तर पुन्हा उठताना देव आठवतो. शिवाय विसण घालायची पंचाईत. 'विसण' या शब्दाला जर्मन कोशात मला प्रतिशब्द सापडला नाही. कढत पाण्यात गार पाणी थोडेथोडे घालीत, मध्ये बोट बुडवून, आपल्या कातडीला विचारून जे पाणी तयार होते, ते नळाच्या खुंटीवरच्या तांबड्या-निळ्या खुणांनी कसे व्हावे? तांब्याचे जे दुसरे कार्य असते, ते सभ्य वाचक जाणतातच. त्याविषयी इतकेच सांगतो की, रिकाम्या दुधाच्या बाटलीने आमची लाज राखली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अण्णा आले, आणि मग मात्र ही गोष्ट थट्टेची राहिली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. पाटबंधारे खात्यात हिशेबनीस होते. आदल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून ते पुण्याच्या घरी एकटे होते. माझी बहीण येऊन-जाऊन पाहत असे. नव्वद दिवसांचा परवाना मिळाला तेव्हा दिवाळी करूनच परत जायचे ठरवून, ३० ऑक्टोबरचे तिकीट हातात घेऊन ते आले. सामानात औषधे, पंचांग, सौभाग्यवतींनी मागवलेले उटणे आणि त्यांचा स्वतःचा तांब्याचा तांब्या.

या माणसाने आयुष्यात अंघोळीआधी चहा घेतलेला मी पाहिलेला नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, खडकवासल्याचे धरणही गेले, आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पुढे कितीतरी दिवस पाण्याचे हाल झाले. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे. त्या दिवसांतही माणशी पाच तांबे असा हिशेब बांधून ते रोज न्हात होते, हे आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, पुरात आम्हीच होतो असे आम्हाला वाटते.

अण्णांचा उजवा गुडघा धरलेला. पुण्याच्या मोरीत ते स्टुलावर बसतात, शेजारी बादली, आणि सारे आपल्या हाताने. इथे टबाची कड त्यांच्या गुडघ्याच्याही वर येत होती. पहिल्या दिवशी मी म्हटले, "अण्णा, मी धरतो." त्यांनी एका हाताने भिंत धरली, दुसऱ्या हाताने माझा खांदा, आणि डावा पाय आत टाकला. उजवा काही येईना. शेवटी मी खाली बसून तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि आत नेऊन ठेवला. आत त्यांना बसता येईना, उभे राहिल्यावर तोल सांभाळता येईना. म्हणून त्यांना धरून मीच फवारा फिरवला आणि मीच साबण लावला. सगळा वेळ अण्णा समोरच्या फरशांकडे पाहत होते. एक शब्द बोलले नाहीत. पुसून झाल्यावर म्हणाले, "तुझा सदरा भिजला रे."

दुसऱ्या दिवशी त्यांना कणकण वाटत होती. तिसऱ्या दिवशी अंघोळ झाली. चौथ्या दिवशी थंडी होती. ऑगस्टात, बरे का! पाचव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तो अण्णा टेबलाशी बसून चहा पीत होते. अंगावर रात्रीचाच सदरा. मला पाहून त्यांनी कप थोडा पुढे सरकवला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा असावा. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

मग तसेच होत गेले. तीन-चार दिवसांनी एकदा मी त्यांना न्हाऊ घालीत असे. एरवी ते ओल्या पंचाने अंग पुसून घेत. सकाळची पूजा बंद झाली, कारण न न्हाता ते देवांना शिवणार नाहीत. फिरायलाही नको म्हणू लागले. तो पुण्याहून आणलेला तांब्या खिडकीत होता. कन्येने त्यात रंगीत पेन्सिली ठेवल्या होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी, मी एकटा आहे असे पाहून अण्णा म्हणाले, "माझे तिकीट अलीकडे घेता येईल का रे? थोडे पैसे भरावे लागले तर माझ्या पेन्शनीतून घे." गुडघ्याविषयी ते बोलले नाहीत, टबाविषयी बोलले नाहीत. आणि मलाही काही बोलता येईना. मुलाने बापाला न्हाऊ घालण्यात कमीपणा कसला, असे लिहायला सोपे आहे. कमीपणा मला नव्हताच. प्रश्न त्यांचा होता.

वाट निघाली ती कन्येच्या तोंडाळपणामुळे. शाळेच्या तीन महिन्यांत ती आमच्यापेक्षा बरी जर्मन बोलू लागली होती, आणि सुट्टीत तिचा मुक्काम खालच्या बाईंच्या बागेत असे. त्यांना ती ओमा म्हणे. ओमा म्हणजे आजी. तिथे प्लमची फळे वेचता वेचता तिने सांगून टाकले की, आमचे आजोबा अंघोळ करीत नाहीत कारण त्यांना टबात जाता येत नाही, आणि म्हणून ते घरी जाणार आहेत.

त्याच संध्याकाळी बाई वर आल्या. आत येऊन बसल्या नाहीत. दारातच मला म्हणाल्या, "तळघरात या. एक वस्तू आहे." तळघरातल्या त्यांच्या खणातून त्यांनी कापडात गुंडाळलेली एक फळी काढली. पांढरी, भोके पाडलेली, एका बाजूला धरायला मूठ. टबाच्या दोन कडांवर ही आडवी बसते. तिला बाडेब्रेट म्हणतात. बाहेरच्या टोकाला बसायचे, आणि मग बसल्या बसल्या एकेक पाय उचलून आत घ्यायचा. त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या आजारात ती आणली होती. "आणि तुम्ही स्वतः?" मी विचारले. बाई हसल्या. "मी बेसिनपाशी उभी राहून ओल्या फडक्याने पुसून घेते. आमच्या लहानपणी सगळे तसेच करीत, टबात शनिवारी. आता शनिवारही गेला."

फळी लागली. टबात एक बादली पालथी घातली, तिच्यावर दुसरी भरलेली ठेवली, म्हणजे ती बरोबर हाताशी आली. तांब्यातल्या पेन्सिली निघाल्या. टबाभोवती सौभाग्यवतींनी दोन पडदे शिवून लावले. अण्णांनी या बांधकामाची खातेनिहाय पाहणी केली, फळी दोनदा हलवून पाहिली, आणि मला म्हणाले, "तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबलो. आतून बराच वेळ काही ऐकू येईना. मग पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला. दुसरा. मग एक लहानसा 'हर हर गंगे', जो मी पुण्यात कधी कान देऊन ऐकला नव्हता. मी दाराशी उभा राहून तांबे मोजीत होतो, हे त्यांना अजून ठाऊक नाही. चौदा झाले.

जमिनीवर पाण्याचा एक थेंब नव्हता. अण्णांनी ती स्वतः वाकून पाहिली.

त्यानंतर तिकिटाचे नाव निघाले नाही. उलट त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. सौभाग्यवतींच्या मापाच्या भांड्याने त्यांनी तांब्या मोजला. तो बरोबर लिटरचा भरला. चौदा तांबे म्हणजे चौदा लिटर. टब भरायचे तर दीडशेच्या आसपास लागते. जर्मनीत माणशी दिवसाला सव्वाशे लिटरांच्या घरात पाणी खर्च होते, हे मी त्यांना सांगितल्यावर तर त्यांना फारच आनंद झाला. पाण्याचे बिल तिकडे घनमीटरवर येते, आणि सांडपाण्याचे पैसे निराळे. हा सगळा ताळेबंद एका कागदावर मांडून, कन्येला दुभाषी घेऊन ते खाली बाईंना समजावून सांगायला गेले. दोन म्हातारी माणसे बागेतल्या बाकावर तासभर कागदात डोके घालून बसलेली मी वरून पाहिली. पुढे नेकारच्या काठाने ती रोज फिरायलाही जाऊ लागली. कन्या बरोबर नसली तर कोणत्या भाषेत बोलत, देव जाणे.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला एकाच दिवशी आले होते. त्या दिवशी रविवार. आणि युरोपातली घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे घेण्याचा तोच दिवस. पहाटे तीन वाजले की पुन्हा दोन वाजायचे. अण्णा म्हणाले, "म्हणजे सरकारने अभ्यंगासाठी तास वाढवून दिला म्हणायचा." सूर्य उगवायचा सातच्या सुमारास. एरवी पहाटे चारला पाणी तापवण्याची आपली रीत. पण तिकडे सकाळी सहापर्यंत शेजाऱ्यांच्या झोपेला जपायचे असते, आणि रविवारी तर विशेषच. म्हणून सहाला सुरुवात केली. टबाच्या कडेला पणती, अंगाला तेल, उटणे. कारीट कुठून आणणार? सौभाग्यवतींनी मागच्या मळ्यातून कोबीचे ते लिंबाएवढे गड्डे आणले होते, ज्यांना तिकडे रोझनकोल म्हणतात. त्यातला एक जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून अण्णांनी डाव्या अंगठ्याने चिरडला. नरकासुराला एवढ्या लांब येऊन कोबीच्या रूपाने मरावे लागले. कन्येला पहिले हसू कोसळले, मग अण्णांना. आवाज खाली गेला असणार. कारण फराळाचे ताट घेऊन गेलो तेव्हा बाई कधीच्या उठून, केस विंचरून बसल्या होत्या.

तीन दिवसांनी अण्णा निघाले. सामान भरताना तांब्या मी त्यांच्या पिशवीत घातला होता. त्यांनी तो काढला आणि खाली नेऊन दिला. मी म्हटले, "अण्णा, तुमचा रोजचा तांब्या!" तर म्हणाले, "पुण्यात तांब्यांना काय तोटा? त्या बाईला कुठे मिळणार?" त्यांच्या मागोमाग मी फळीही नेऊन पोचवली. बाईंनी ती कापडात गुंडाळली नाही; भिंतीला उभी करून ठेवली. मी काही विचारले नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत आम्ही जागा सोडली. तिकडे जागा ताब्यात घेताना मालक कागद घेऊन खोली-खोली पाहतो आणि प्रत्येक डागाची नोंद करतो. बाई न्हाणीघरात शिरल्या, खाली वाकल्या, टबाच्या पायाशी हात फिरवला आणि कागदावर एकच शब्द लिहिला: 'कोरडे'. सह्या झाल्यावर त्यांनी कन्येला बाजूला घेऊन काहीतरी विचारले. मला वाटले, निरोपाचे काही असेल. कन्या धावत आली ती आईकडे. "आई, ओमाचा तांब्या काळा पडलाय. रोज पाणी लागतं ना त्याला. कशाने घासायचा विचारतेय."

चिंच आमच्या डब्यात लिंबाएवढी उरली होती. सौभाग्यवतींनी ती मिठाच्या पुडीबरोबर बाईंच्या हातात ठेवली, आणि संपली की लिंबाची फोड चालेल, असे कन्येकडून सांगवले. बाई म्हणाल्या, "थांबा, लिहून घेते," आणि चष्मा शोधायला आत गेल्या.